मी आपला इमारती बघायला आलोय

...आणि आता या शनिवारी पाण्याची टाकी! अहो, टाकीत बघायचं काय असतं? पाणी! आणि तेही बाहेरून दिसत नाही. पण मी जाणार. गुडघे कुरकुरतायत, गाडी पहाटेची आहे, तरी कोटाला इस्त्री करून जाणार, टाकीखाली उभा राहून मान मोडेस्तोवर वर बघणार आणि 'वा, काय टाकी आहे!' म्हणणार. कुणाबरोबर, ते मागाहून सांगतो. आधी मला पुरती लाज वाटू द्या. कारण हे सगळं माझ्या एका वाक्यानं झालंय. एरवी मी स्किकदाच्या बंदरावर जाळी विणणारा माणूस, सुई चालते तेव्हा तोंड बंद, दिवसभरात बोललो तर चार वाक्यं. त्यातलं एक खोटं निघालं, आणि तेच चिकटलं! कोणतं? 'मी आपला इमारती बघायला आलोय!'

झालं असं, की आमच्या विदादला मागणी घालायला मंडळी यायची होती. विदाद म्हणजे नात, एकुलती, शाळेत शिकवते, आणि घरी मला शिकवते. मुलगा कॉन्स्टँटिन शहरातला, नाव नझीर बूशामा, तिथल्या विद्यापीठात काहीतरी शिकवतो. काय शिकवतो, ते तिनं सांगितलं होतं, पण मी तेव्हा जाळ्याची गाठ सोडवत होतो. फोटोही दाखवला होता. चष्मा नव्हता डोळ्यावर, मी म्हटलं, 'वा, राजबिंडा!' फोटोत खेचर असतं तरी मी राजबिंडाच म्हटलं असतं.

आता आमच्याकडे मुलाची चौकशी केल्याशिवाय मुलगी कोण देतो? कुणीतरी वडीलधारा गुपचूप त्याच्या गल्लीत जातो, मशिदीत विचारतो, कॉफीवाल्याला विचारतो. पण विदाद म्हणाली, 'आजोबा, मी त्याला ओळखते. चौकशी करायची नाही. तो काय बाजारातलं गाढव आहे, दात बघून घ्यायला?' आणि माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. 'म्हणा, नाही करणार.' मी म्हटलं, नाही करणार. मग, अहो, मी का गेलो?

बाया! बाया म्हणजे आमची म्हातारी, माझी बायको. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणते, 'म्हाताऱ्या, हात कुणाचा ठेवला तिनं?' म्हटलं, माझा. 'मग शपथ तुझी. मी कुठं घेतलीय? मी तुला पाठवते. जाणारे पाय तुझे, चौकशी माझी.' झालं, कोटाला इस्त्री केली. विदादला सांगितलं, अन्नाबा शहरी एका आजारी मित्राला बघायला चाललोय. ती म्हणाली, 'सांभाळून जा हं आजोबा,' आणि मफलर नीट करून दिला. तो मफलर मला दिवसभर गळफासासारखा आवळत होता, सांगतो.

गाडीत बसलो. विचार केला, कुणी विचारलं का आलात, तर काय सांगायचं? म्हटलं, विद्यापीठाच्या इमारती म्हणे फार प्रसिद्ध आहेत, लांबून लोक बघायला येतात. बस्स! खिडकीकडे तोंड करून घोकायला लागलो. 'मी आपला इमारती बघायला आलोय... मी आपला इमारती बघायला...' समोर एक बाई, मांडीवर टोपली, टोपलीत रोट्या. बघतेय, बघतेय, आणि म्हणते, 'मुलीकडचे का मुलाकडचे?'

'काय?'

'चौकशीला ना? मंगळवार, इस्त्रीचा कोट, एकटा म्हातारा, आणि हातात मिठाई नाही. चौकशीच!'

मी म्हटलं, छे छे, मी आपला इमारती बघायला चाललोय. सगळा डबा हसला हो! मग काय, जो तो शहाणपण शिकवायला मोकळा. 'मित्रांना विचारू नका हाजी, मित्र खोटं बोलतात.' मी हजला गेलेलो नाही, पण दाढी पांढरी झाली की आमच्याकडे सगळे हाजीच. तीही एक लाजच. 'फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारा.' 'आईबद्दल विचारा, मुलगा काय, मुलगा बदलतो!' एक लठ्ठ गृहस्थ मागच्या बाकावरून ओरडले, 'आम्ही केली होती चौकशी, सगळं उत्तम निघालं, नंतर कळलं, चौकशी भलत्याचीच केली! जावई भेटला तो दुसराच!' त्या बाईनं मला अर्धी रोटी दिली, मी मान खाली घालून खाल्ली. चोराला चोरी करायच्या आधीच रस्ताभर लोक ओळखतात, असं कुणाचं झालंय का?

कॉन्स्टँटिनला उतरलो, पूल ओलांडले, ट्राम धरली, विद्यापीठाच्या फाटकाशी आलो. पहारेकरी विचारतो, 'काय काम हाजी?' आणि माझ्या तोंडून धाडकन, 'मी आपला इमारती बघायला आलोय!'

तो माझ्याकडे बघतच राहिला. 'या इमारती? मी जन्मापासून बघतोय, बघायला आलेला एकही माणूस बघितला नाही. पोरंसुद्धा बघत नाहीत.' आणि मला दोन शब्द विचारायची संधी न देता हाका मारायला लागला, 'उस्ताद! अहो उस्ताद! हे घ्या, तुमच्या जातीचा एक सापडला!'

तिकडून एक तरुण मनुष्य येत होता. कानावर पेन्सिल, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. ऐकल्याबरोबर त्याचे डोळे असे लकाकले, की आमच्या बंदरावरच्या मांजराचेही माशाची होडी लागल्यावर लकाकत नाहीत. 'खरंच? इमारतींसाठी? कुठून आलात?' मी मान हलवली, म्हटलं, स्किकदाहून. झालं! धरला माझा दंड आणि निघाला!

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात इतकं काँक्रीट बघितलं नाही. एक वर्गांची इमारत तर अशी लांबलचक, की या टोकाला शिकायला लागलेला त्या टोकाला पोचेपर्यंत पास व्हावा. एक मनोरा, उभाच्या उभा. 'वर बघा हाजी!' बघितलं. 'आता इकडून बघा!' बघितलं. 'सावली कशी पडलीय बघा!' अहो, सावली आमच्याकडेही पडते! आणि मग ते मोठं सभागृह. त्याचं छप्पर म्हणजे... खोटं कशाला बोलू, तिथं मात्र मी थांबलो. समुद्रपक्षी वाऱ्यावर पंख पसरून क्षणभर हलत नाही ना, तसं. आत गेलो तर एवढ्या मोठ्या छपराखाली एक खांब नाही! माझ्या तोंडून गेलं, 'खांब कुठायत?' तो तरुण टाळ्या वाजवायचा बाकी राहिला. 'हाच प्रश्न! हाच! माझ्या वर्गातली पोरं वर्षभरात विचारत नाहीत!'

मला वाटलं, खूश आहे, हीच वेळ. त्याच्या कानाशी लागलो आणि हळूच कुजबुजलो, 'बाळा, इथं नझीर बूशामा म्हणून कुणी आहे, तो कसा आहे?'

अहो, ते छप्पर! माझी कुजबुज वर गेली, पंखाखालून फिरली, आणि घुमून समोरच्या कोपऱ्यात उतरली. 'बूशामा कसा आहेऽऽ... कसा आहेऽऽ...' कोपऱ्यात पोरंपोरी बसली होती, ती आमच्याकडे बघून खो खो हसायला लागली. मला वाटलं, माझ्या बंदरी बोलीला हसतायत.

...तुम्हाला कळलं ना? कळलंच असेल. हसू नका! तुम्ही इथं आरामात बसलायत, तुमचा चष्मा तुमच्या नाकावर आहे. माझा घरी होता. नाव विचारायचंत, म्हणाल. कसं विचारणार? मी विचारलं असतं तर त्यानं माझं विचारलं असतं, मग आणखी एक खोटं.

त्या तरुणानं माझ्याकडे बघितलं, मफलरकडे बघितलं, बोटांवरच्या सुताच्या घट्ट्यांकडे बघितलं. मग म्हणाला, 'चला, कॉफी घेऊ. ओळखतो मी त्याला.' बाकावर बसलो. म्हणाला, 'हट्टी आहे. बोलायला लागला की थांबत नाही. जेवायचं विसरतो.'

'रागावतो?'

'स्वतःवर. वडील नाहीत. आईची जीभ तिखट आहे, पण मन लोण्याचं. दोन खोल्या घेतल्यात त्यानं, सुनेला जाच नको म्हणून. छप्पर गळतं. लग्नाआधी दुरुस्त करीन म्हणतो.'

'आणि नाही केलं तर?'

'तर पातेलं ठेवील, हाजी. पण तिच्या अंगावर थेंब पडू देणार नाही.'

इतकं सरळ बोलणारा माणूस भेटला की आपलंही कुलूप निघतं. मी सुरुवातीला सांगितलं होतं, शेजाऱ्याच्या मुलीसाठी विचारतोय. कॉफी संपेपर्यंत ती माझी नात झाली होती! आणि मग मी काय काय बोललो... विदाद झोपेत दात खाते. रागावली की चपला भिरकावते, नेमही चुकत नाही. एकदा कुस्कुस असं करपवलं, की बायानं पातेलंच समुद्रात टाकलं. सांगितलं सगळं! आणि हेही सांगितलं, की लहानपणी ती जाळ्याच्या ढिगावर झोपी जायची, मग मी सुई खाली ठेवून बसून राहायचो, जाळं हललं तर उठेल म्हणून. होडीवाले बोंबलायचे. आता ती गेली की जाळं कितीही हलवा, उठायला कोण आहे?

तो त्या पंखाच्या छपराकडे बघत राहिला. मी म्हटलं, 'तिला कळता कामा नये. माझा हात तिच्या डोक्यावर होता. कळलं तर ती माझ्याकडे पुन्हा कधी तशी बघायची नाही.' तो म्हणाला, 'तुम्ही इमारती बघायला आलात, हाजी. मी दाखवल्या. एवढंच.' आणि मला ट्रामपर्यंत पोचवलं.

परतीच्या गाडीत बसलो, जीव हलका झाला, आणि मांडीवर बघतो तर काय, जौझियाचा डबा! अक्रोडाची ती मिठाई, कॉन्स्टँटिनशिवाय दुसरीकडे तशी होत नाही. कधी घेतली, आठवत नाही! कॉन्स्टँटिनला जाऊन जौझिया न आणणारा माणूस आमच्या घरात जन्मलाच नाही, हातानं आपोआप घेतली. आणि मी तर अन्नाबाला गेलेलो! बायानं डबा गोधड्यांच्या कपाटात लपवला आणि मला 'गाढवा' म्हणाली. बरोबरच होतं.

शुक्रवारी मंडळी आली. मी चष्मा पुसून बसलो होतो. दार उघडलं, आधी आई आली, मग मामा, आणि मग... कानावर पेन्सिल नव्हती, बटण शिवलेलं होतं. बाकी तोच! मला वाटलं, जमीन दुभंगावी, किंवा निदान छप्पर पडावं; आमच्या छपराला खांब आहेत, पडत नाही. तो सरळ माझ्याकडे आला, छातीवर हात ठेवला, माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, 'आजोबा! शेवटी भेट झाली!'

विदाद म्हणाली, 'आजोबा, घाम का आलाय एवढा?' बाया सरबताचा ट्रे घेऊन भिंतीसारखी उभी. आणि तो, तो भला माणूस, मला वाचवायला म्हणून म्हणतो कसा, 'ऐकलंय, आजोबांना इमारतींची फार आवड आहे.'

'आजोबांना?' विदाद माझ्याकडे वळली. 'कधीपासून?'

सगळी खोली माझ्याकडे बघतेय. काय करणार? म्हटलं, 'लहानपणापासून.'

संपलं! त्या दिवसापासून दर शनिवारी तो मला गाडीनं कुठं ना कुठं नेतो. पोस्ट ऑफिस झालं, जुनं न्यायालय झालं, एका पुलाखाली तर अर्धा दिवस उभे होतो. नाही म्हणावं तर विदादला सगळं सांगावं लागेल. त्यानं एका अक्षरानं तोंड उघडलेलं नाही, आणि हे मला चपलेपेक्षा जास्त लागतं. गेल्या शनिवारी मी त्याच्याकडून त्याच्या खोल्यांच्या छपराची गळतीही बुजवून घेतली, पातेलं काढायला लावलं.

परवा मी बंदरावर निघालो होतो, विदाद माझा डबा भरत होती. मफलर नीट केला, गाठ मारली, हात माझ्या डोक्यावर ठेवला. माझा नाही, तिचा, माझ्या डोक्यावर! आणि म्हणाली, 'आजोबा, शनिवारी चष्मा विसरू नका. आणि येताना जौझिया आणू नका हं, गोधड्यांच्या कपाटातला अन्नाबाचा डबा अजून संपायचाय.'

मी पिशवी उचलली. म्हटलं, बरं... मी आपला टाकी बघून येईन.