गाईच्या घंटेवर लावलेले बटाटे

आमच्या दादाचं डोकं कसं चालायचं, ते ऐका. ऐंशी सालाच्या आसपास आमच्या कापडे गावात भात कापलं की गुरं मोकळी सुटायची, म्हणून दुसरं पीक कोणी घेतच नसे. दादाने बटाटे लावायचं ठरवलं. छोट्या ट्रॅक्टरमागे त्याने स्वतः वेल्डिंग करून बैठक आणि उभा पाइप बसवला. चाकाचा फेरा पुरा झाला की घंटा वाजणार, आणि मागे बसलेल्या वहिनीने पाइपात एक बटाटा सोडायचा. घंटा मात्र आमच्या म्हाताऱ्या गाईच्या गळ्यातली. गावची सगळी गुरं त्याच घंटेमागे चरायला जायची.

पहिल्याच सरीला सगळा कळप वहिनीच्या मागे.

बांधावरून शेजारचे भिकूकाका हसले, "बटाटे लावतोस का गुरं राखतोस रे?"

घंटा वाजवतच दादाने ट्रॅक्टर शेताबाहेर काढला आणि अख्खा कळप काकांच्या अंगणात नेऊन उभा केला.

संध्याकाळी काकाच घरोघर सांगत फिरले, "आपापली गुरं बांधून ठेवा."

गुरं बांधलेली राहिली आणि आमचे बटाटे पोत्यांनी निघाले. पुढच्या हिवाळ्यात काका दारात.

"तुझं ता यंत्र माझ्या शेतात पन फिरव. फकस्त घंटा घरी ठेव."