तात्यांचा टेबलफोन

हसा लेको, पण ती नोकरी मी स्वतःच्या हातानं घालवली. कॉलेज सोडून मुळशीत घरी बसलो होतो. माझा जीएसएम मोबाइल भारी, पण घरात रेंज नाही. बापाचा, म्हणजे तात्यांचा, सीडीएमएच्या वेगळ्या नेटवर्कचा बिनतारी टेबलफोन मात्र कुठंही लागायचा. तो हट्टी माणूस फोन पिशवीत घालून भाताच्या खाचरावर न्यायचा. मला लाज वाटायची.

नोकरीचा अर्ज इंटरनेटवरून भरायचा होता. शेवटी तोच फोन कॉम्प्युटरला जोडून भरला.

तात्या म्हणाले, "नंबर ह्योच दिलास न्हवं?"

"असल्या डबड्याचा देऊ व्हय? माझा दिलाय."

आठवड्यानं नांदे गावाला गेलो, रेंज आली आणि मेसेज पडला: "आपला फोन लागत नाही. मुलाखती काल संपल्या."

घरी येऊन सांगितलं. तात्या तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या पिशवीत डबडं वाजलं.