टमरेलचा डावा हात

— कुकरचं झाकण? नाही हो मास्तर, सिनेमातल्या त्या कप्तानाचं हेल्मेट कुकरच्या झाकणाचं नव्हतं. कोण म्हणतं, होतं म्हणून? मी म्हणतो. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी मीच म्हणालो होतो, आणि तुम्ही पुस्तकासाठी ते वहीत उतरवून खरं-खोटं करायला माझ्याकडेच घेऊन आलात — चोराच्याच घरी चोरीची फिर्याद. बसा, बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय स्वतंत्र विचाराचा आहे. या खोक्यावर बसा, आत तीन मेलेल्या इस्त्र्या आहेत, त्या तक्रार करणार नाहीत. मी हात चालू ठेवतो हं, ही चौथी इस्त्री संध्याकाळी द्यायचीय, हिची बाई फार कडक आहे, इस्त्रीपेक्षा लवकर तापते. ते तुमचं बोलणं साठवायचं यंत्र चालू आहे ना? लाल दिवा लागलाय म्हणजे चालू असणार. बरं, विचारा. सातव्या खिडकीतला चहा पिणारा माणूस? तोही माझाच. गलबत उडतं तेव्हा सातव्या खिडकीत एक माणूस बशीत चहा ओतून पितो म्हणे — कुठला पितो? अंतराळात चहा बशीत राहील का? पण लोक पुन्हा तिकीट काढून यायचे, खिडक्या मोजायचे, आणि तुम्हाला सांगतो, निम्म्यांना तो दिसायचा. एकाला तर बिस्किटही दिसलं.

तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला वाटतं अफवा म्हणजे हवेत तयार होते. हवेत काय होतं? अफवेला जागा लागते, आणि आमच्या थिएटरात ती जागा होती मध्यंतरातली मुतारीची रांग. मी ऑपरेटर — वर केबिनमध्ये मशीन चालवणारा, चौथी पास, तीही शाळेतल्या गुरुजींना दया आली म्हणून — मला कोण ओळखणार? मी खाली उतरायचो, रांगेत उभा राहायचो आणि शेजारच्याला हळूच म्हणायचो, तुम्हाला कळलं का, त्या यंत्रमानवाच्या पोशाखात जो माणूस होता तो शूटिंगमध्येच गुदमरून गेला म्हणे. बस. एवढंच. पुढचं काम रांग करते. दुपारच्या खेळाला सोडलेली अफवा संध्याकाळच्या खेळाला मला परत ऐकायला मिळायची — त्या गुदमरलेल्याला दोन बायका लागलेल्या असायच्या आणि एक शाप. गलबताच्या सिनेमांचे पाच भाग आले, पाचही मी चालवले, आणि एकेका भागामागे निदान चार थापा माझ्या. तुमच्या या यादीत बघा — ही माझी, ही माझी, ही नाही, ही कुणातरी अडाण्याची आहे, हिला चव नाही.

आता पुढचा प्रश्न मी सांगू? टमरेलचा हात. तोंडावरून कळलं. सगळे शेवटी तिथेच येतात. त्या यंत्रमानवाला सिनेमात काहीतरी आकड्यांचं नाव होतं, पण आमच्या पब्लिकनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, टमरेल. तर तिसऱ्या भागाच्या शेवटी गलबत जळतं, टमरेल आत अडकतो, दरवाजा बंद होतो आणि बंद होता होता तो काचेमागून हात वर करून निरोप देतो. दिला का? तुमचं म्हणणं, नाही दिला. मूळ फिल्ममध्ये तसं काही नाही, कंपनीनं लेखी कळवलंय. आणि हात देणार कुठून, डावा हात तर मध्यंतराच्या आधीच उपटला गेला होता त्याचा. पण निरोप आठवणारी माणसं छातीवर हात ठेवून सांगतात की डावा हातच वर केला. मग काय, हुशार लोकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली, म्हणे तो त्याच्या आत्म्याचा हात. पत्र्याच्या डब्याला आत्मा. मी वाचायचो आणि पोट धरून हसायचो.

किती जण म्हणालात? सतरा जणांनी तुम्हाला लिहिलं, आणि सतराही जण आमच्याच थिएटरात सिनेमा पाहिलेले. मग त्यावरून तुम्ही काय ताडलंत? हं... बोर्ड. पेंटरचा बोर्ड. म्हणजे थिएटरवर लावलेला भला मोठा बोर्ड आमच्या पेंटरनं रंगवला, त्यात टमरेल हात वर करून उभा होता, लोकांनी महिनाभर येता-जाता तो पाहिला आणि त्यांना वाटलं सिनेमातच पाहिलं. वा. फार सुंदर. खरंच सांगतो मास्तर, माझ्यासारख्या थापाड्यालासुद्धा इतकी गोळीबंद थाप जमली नसती.

अहो रागावू नका. ऐका. तुम्ही एवढे लांबून आलात म्हणून सांगतो, आणि आता मला नोकरीवरून काढायला ना थिएटर उरलंय ना मालक. तो हात मी चिकटवला. हो, मी. हसू नका. फिल्म मशीनमधून जाते ना, ती दात्यांवरून जाते, आणि मध्ये एक सैलसर वळण ठेवावं लागतं. ते वळण आवळलं की दाते फिल्म चावायला लागतात. म्हणून ऑपरेटरनं जागा सोडायची नाही, हा पहिला नियम. आणि त्या दिवशी तिसऱ्या भागाचा दुसराच दिवस, शेवटचं रीळ चालू, आणि मी कुठे? मी खाली, जिन्यात. मध्यंतरात सोडलेली थाप कुठवर पोचली ते डोअरकीपरकडून ऐकत होतो. मजा येत होती हो. वर आलो तर शेवटच्या सहा फुटांचा भुगा. सहा फूट म्हणजे पडद्यावर चार सेकंद — दरवाजा बंद झाल्यावर गलबत लांब जातं, ते चार सेकंद गेले. खाली शिट्ट्या, खुर्च्या आपटणं. कंपनीला कळवलं तर पहिला प्रश्न, ऑपरेटर कुठे होता? मग केबिनमध्ये दुसऱ्या भागाच्या जाहिरातीचे तुकडे पडले होते, त्यातला एक मापाचा उचलला. त्यात टमरेल बोळातून हात वर करून येतो — डावा हात, दुसऱ्या भागात तो शाबूत होता — आणि कप्तानाला म्हणतो, थांबा. निरोप कसला, तो थांबा म्हणत होता. कापला, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावलं, दाबून धरला. त्या तुकड्यावर आवाज भलताच होता, म्हणून पुढच्या खेळाला तेवढे चार सेकंद मी आवाजाचा खटका बंद ठेवला.

आणि मास्तर, तुम्हाला काय सांगू. सातशे माणसं. दरवाजा लागला, आवाज गेला, टमरेलनं हात वर केला. वरून मला नुसती डोकी दिसायची — एक डोकं हललं नाही. मग कुणीतरी नाक ओढलं. पाच आठवडे तो तुकडा चालला, रोज चार वेळा, आणि प्रिंट परत जायच्या आदल्या दिवशी मी तो काढून टाकला. पहिला दिवस सोडला तर अख्ख्या गावानं जे पाहिलं ते जगात कुठेच नव्हतं. याच्यापुढे बशीतला चहा म्हणजे काय.

पेंटर? त्यानंही पाहिलं की. तुकडा लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, केबिनमधून, माझ्या शेजारी उभा राहून. डोळे पुसले आणि म्हणाला, जुना बोर्ड उतरवतो, हाच देखावा घेतो. कंपनीचे फोटो होते त्याच्याकडे, पण हा डोळ्यांनी पाहिलेलं रंगवणारा. चार दिवसांत काढला. मी बघत होतो शिडीखालून. सांगायला हवं होतं? हो, कळतं हो मलाही. पण आधी वाटलं, मजा आहे, चालू द्या. मग प्रिंट परत न्यायला कंपनीचा माणूस आला, बोर्डाकडे बघून म्हणाला, हा प्रसंग कुठून आणला? पेंटर म्हणाला, सिनेमातून. तो म्हणाला, सिनेमात नाही. मालकानं माझ्याकडे बघितलं. मी — मी म्हणालो, मला काय माहीत साहेब, आमचं लक्ष मशीनकडे असतं. एवढंच म्हणालो. बोर्ड उतरला. नंतर वर्षभर पेंटरला बोर्डाचं काम नाही, खुर्च्यांवर आकडे रंगव आणि जिन्यात 'थुंकू नये' लिही. तेही त्यानं इतकं सुरेख लिहिलं की लोक तिथेच थांबून वाचायचे आणि थुंकायचे. तर चालायचंच. मैत्री काय त्यानं तुटते? चाळीस वर्षं मी त्याला रोज चिडवतो, काय आत्म्याच्या हाताचे कारागीर, आणि तो मला म्हणतो, मी पाहिलंय, तुझ्या शेजारी उभं राहून पाहिलंय, तूच आंधळा. आठवडा झाला मात्र, फिरकला नाही इकडे. सर्दी असेल.

काय? त्याच्याकडे जाऊन आलात तुम्ही? कधी? — आठवड्यापूर्वी. बरं. बरं. मग काय म्हणाला? — त्याला दाखवलंत? तिसऱ्या भागाचा अख्खा शेवट, छोट्या पडद्यावर? आणि त्याच्या पोरीसमोर दाखवलात. — दोनदा बघितला त्यानं. आणि मग?

थांबा, ही इस्त्री बाजूला ठेवू द्या.

पुन्हा सांगा. त्याचेच शब्द सांगा, तुमचे नकोत. — "मग माझंच डोकं गेलं असणार." असं म्हणाला? आणि पोरीला म्हणाला, तू म्हणतेस तसं करू, येतो तुझ्याकडे, खोली देऊन टाक. अहो, ती पोरगी दोन वर्षं मागे लागलीय त्याच्या, बाबा तुम्ही एकटे नका राहू, तुम्हाला न घडलेलं आठवतं, गॅस बंद केला असं आठवेल आणि केलेला नसेल. प्रेमानंच म्हणते, वाईट नाही पोरगी. आणि हा दरवेळी तिला सांगायचा, तुझ्या बापाचा डोळा आणि आठवण दोन्ही पेंटरची आहेत, हलायची नाहीत. त्या एका गोष्टीवर तो उभा होता हो. आणि त्याला कुणीतरी पुस्तकवाल्यानं येऊन दाखवलं की बघा आजोबा, तुम्ही उभे आहात तिथे जमीनच नाही. कधी नेतेय ती त्याला? — परवा.

तुमची काय चूक. तुम्ही खरं तेच दाखवलंत.

नाही, आता मी चेष्टा करत नाही. नाही म्हणतो ना. असं बघू नका माझ्याकडे — हां, कळलं. तासभर मी बसून हौसेनं सांगतोय की ही थाप माझी, ती थाप माझी, आणि आता म्हणतो हे तेवढं खरं. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. तुकडा? तुकडा कुठे ठेवतोय मी, त्याच दिवशी बंबात घातला, पुरावा ठेवून कोण नोकरी करतं? डोअरकीपर गेला, मालक गेला. साक्षीला फक्त मी, आणि माझी साक्ष म्हणजे — बरोबर आहे तुमचं. मीही नसता ठेवला विश्वास.

त्याच्या पोरीनं तुम्हाला काही दिलं का? कागद, फोटो? बोर्डाचा फोटो आहे? काढा. काढा की. अहो, चष्मा... हा. बघा, हा बघा पेंटर शिडीवर, केस बघा केवढे. आता टमरेलकडे बघा. हातावर काय आहे? दोन पिवळे पट्टे. तिसऱ्या भागात पट्टे आहेत का कुठे? तुम्ही पाचही भाग पाठ केलेत, तुम्ही सांगा. नाहीत, नवीन रंग दिला होता त्याला. आणि मागे बघा. आग आहे? आग नाही. निळे नळ आहेत, आडवे, आणि वर अर्धाच दिवा. आता तुमच्या त्या पडद्यावर दुसऱ्या भागाची जाहिरात लावा. असेल हो, तुमच्याकडे सगळं असतं. लावा. पुढे, पुढे — तो बोळात येतो तिथे. थांबवा.

मोजा नळ.

किती? आणि फोटोत? — अर्धा दिवा आहे ना वर? ज्या माणसानं तिसऱ्या भागाचा बोर्ड रंगवायला घेतला त्यानं दुसऱ्याच्या जाहिरातीतला अर्धा दिवा कशाला काढावा? आणि दुसऱ्या भागाच्या वेळी हा पेंटर इथे नव्हताच, तेव्हा दुसराच होता, हे तुमच्याच वहीत असेल. चार सेकंद दिसलं ते यानं नळासकट डोळ्यांत ठेवलं. असं डोकं गेलेल्याचं असतं का? बंद झाली तुमची पेन्सिल. बरं झालं.

फोन आहे ना तुमच्याकडे? लावा त्याचा नंबर. माझ्या फोनवरून नको, माझा नंबर पाहिला की तो उचलायचा नाही. वाजतोय? द्या इकडे. — पेंटर, मी बोलतोय. ऑपरेटर. अरे ऐक, तो हात होता. टमरेलचा हात होता, मी लावला होता तो, फिल्म फाटली होती म्हणून — नाही, चेष्टा नाही. अरे, पैज कसली, कुणी उभं नाही माझ्याजवळ हसायला. म्हणजे मास्तर आहेत, पण ते हसत नाहीयेत. पेंटर, तू बरोबर पाहिलंस. पेंटर —

ठेवला. म्हणाला, "आज तरी नको रे."

नाही, पुन्हा लावू नका. फोनवर मी म्हणजे मीच ऐकू येणार त्याला. तोंड दाखवूनच सांगायला हवं, त्याच्या पोरीसमोर, आणि त्यानं दोन ठेवून दिल्या तर त्याही तिच्यासमोरच. ती इस्त्रीची बाई येईल संध्याकाळी, येऊ दे, बोलेल चार शब्द, ऐकून घेईन. चप्पल कुठे गेली माझी? तुमच्या खोक्यामागे. उठा जरा.

तुम्ही कुठे निघालात माझ्याबरोबर? नाही, नाही. तुमच्या पुस्तकात घाला, माझ्या नावानिशी घाला, जिन्यात उभा होतो तेसुद्धा घाला, पण ते उद्या. आज तिथे लाल दिवा नको. तो फोटो तेवढा ठेवा माझ्याकडे. आणि व्हा बाहेर, मला शटर ओढायचंय.