दाराकडे घे

...आणि वर म्हणे, गिअर बदल! अहो, बदललेलाच होता की. चौथ्यावरून तिसरा टाकला, हात अजून दांड्यावरच होता, आणि शेजारून आवाज, "तिसरा टाक." टाकलाय, बाबा. "मग गाडी कण्हतीये का?" आता गाडी कुठली कण्हतीये, कण्हत होतो मी, पण सांगणार कुणाला? मागून आई, "ते सांगतात ते ऐकावं रे." तिच्या शेजारून बायको डोळे मिटूनच, "पाठ टेकव आधी, कुबडा बसलायस." आणि दोघींच्या मधून आमचं नऊ वर्षांचं कन्यारत्न, "बाबा, तुम्हाला नक्की येते ना गाडी?" तुम्हाला सांगतो, गाडीत माणसं पाच असावीत, दहा असावीत, मांडीवर घेऊन बसवावीत, पण ड्रायव्हर एकच असावा.

आमचे बाबा म्हणजे एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. लांब पल्ल्याची. बसमध्ये ती पाटी असते ना, 'चालकाशी बोलू नये', ती डोक्यावर लावून ज्यानं एकतीस वर्षं काढली, तो निवृत्त झाल्यावर गप्प बसेल असं वाटतं तुम्हाला? एकतीस वर्षांचं साचलेलं बोलणं आहे ते! आणि नुसतं बोलणं नाही. ते शेजारच्या सीटवर बसून पायानं ब्रेक दाबतात. तिथं ब्रेक नाहीये. तिथं पायपुसणं आहे. त्या पायपुसण्याला भोक पडलंय.

पण मी कुरकुरतोय म्हणून तुम्ही मनावर घेऊ नका हं. कारण ते 'गिअर बदल' ऐकून मला काय वाटलं, ते मी गाडीत कुणालाच सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. बाबा त्याआधी तीन महिने माझ्याशी बोलले नव्हते. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून. "अगं, त्याला म्हणावं मीठ सरकव." मी समोर. मिठाची बरणी माझ्या कोपराशी. आई म्हणायची, "अरे, मीठ सरकव म्हणतायत." मी सरकवायचो. "त्याला म्हणावं, पुरे." तीन महिने!

झालं काय होतं, की माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासतो, फ्रेम बसवतो, नाकावरचे वळ बघून 'मला चष्मा नाही' म्हणणारं गिऱ्हाईक किती वर्षं खोटं बोलतंय ते ओळखतो. बाबा रोज दुपारी चारला दुकानात येऊन बसायचे, समोरच्याच खुर्चीत, आणि भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता. दर सहा महिन्यांनी मी त्यांचे डोळे तपासायचो आणि ते धडाधडा शेवटच्या ओळीपर्यंत म्हणायचे, ग र ठ प न. मी खूश. म्हटलं, बहात्तराव्या वर्षी काय नजर आहे, वा! मग एक दिवस काय झालं, जुना तक्ता पिवळा पडला होता म्हणून मी नवा आणून लावला. सहज हो. मनात काही नाही. बाबा आले, बसले, म्हटलं आलाच आहात तर तपासून टाकू, आणि त्यांनी छाती पुढे काढून सुरुवात केली... ग र ठ प न.

भिंतीवर होतं च ल भ त द.

मी आधी हसलो. चुकलंच माझं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मग मी तक्त्याकडे बघितलं, बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं दिसतं, समोरचं नाही. गाडी बंद. बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य होतं, "तू मुद्दाम तक्ता बदललास."  पिवळा पडला होता हो! त्या दिवसापासून दुकानातली त्यांची खुर्ची रिकामी.

तर ताईनं नवीन घर घेतलं. माझी मोठी बहीण, राहते पाचशे चाळीस किलोमीटरवर. म्हणाली, सगळे गाडीनं या, पहिल्यासारखे. बाबा म्हणाले, "त्याला म्हणावं, मी रेल्वेनं येतो." बसचा ड्रायव्हर रेल्वेनं! आयुष्यभर ज्या रेल्वेला ते 'रुळावरून चालणारीला काय, कुणीही चालवेल' म्हणाले, तिनं. आई शांतपणे म्हणाली, "जा की. डबा मात्र गाडीत असणार." आमच्या आईचा डबा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही. पहाटे बाबा आंघोळ करून, कंगवा खिशात घालून, सगळ्यांच्या आधी गाडीत पुढे बसलेले होते. काच खाली, तोंड बाहेर.

पहिली वीस किलोमीटर गाडीत नुसतं इंजिन बोलत होतं. आईच्या सात पिशव्या... एका पिशवीत नुसत्या पिशव्या, विचारू नका. शहर संपायच्या आत अंडी सोलायला सुरुवात. "आई, आत्ता तर निघालो." "मग गार खाणारेस?" मुलीनं गल्लीच्या तोंडालाच "आलं का?" विचारून घेतलेलं. आणि मग पहिला चढ लागला, आणि बाबांचा हात मांडीवर अस्वस्थ व्हायला लागला, आणि शेवटी राहवेना, "गिअर बदल." आईच्या हातातलं अंडं थांबलं. मला म्हणाले, थेट मला! आईला मधे न घेता! मी गिअर बदलला, बदललेला होता तरी पुन्हा बदलला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लगेच बाबा, "समोर बघ."

आणि मग काय, धरण फुटलं. पाचशे चाळीसपैकी प्रत्येक किलोमीटर पाठ आहे त्यांना. "आता उतार येईल, पाय उचल... वळणावर हॉर्न... इथं एकदा टायर फुटलं होतं, साठ माणसं आणि एक शेळी... पुढं चहा चांगला मिळतो, पण मालकाला हसवू नको, तो गोष्ट सांगत बसतो." आम्ही थांबलो, मालकाच्या मुलानं चहा दिला, तो हसला, आणि त्यानं गोष्ट सांगितली. पाऊण तास. आई आणि बायको संत्री सोलत सावलीत बसल्या, पोरगी दगड गोळा करत होती, बाबा त्या माणसाला त्याच्याच बापाच्या गोष्टी सांगत होते, आणि मला वाटलं, नाही पोचलो तरी चालेल. खरंच सांगतो. पण गाडीत बसलो की पुन्हा, "आरसा बघ. हा नव्हे, तो." ड्रायव्हर एकच असावा हो!

आता इथं तुम्हाला आमच्या घरातली एक भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे डावं-उजवं नाही. बाबांच्या बसमध्ये चढायचं दार डाव्या अंगाला आणि ड्रायव्हरची खिडकी उजव्या अंगाला, म्हणून आमच्याकडे डावीकडे म्हणजे 'दाराकडे' आणि उजवीकडे म्हणजे 'खिडकीकडे'. आम्ही भावंडं यावरच वाढलो. कपाट दाराकडे सरकव, भांग खिडकीकडून पाड. चौथीत भूगोलाच्या पेपरात मी लिहिलं होतं, 'उत्तरेकडे तोंड करून उभे राहिल्यास पूर्व दिशा खिडकीकडे येते.' गुरुजींनी वर्गाची खिडकी बघितली, ती मागे होती. शून्य!

जेवण झालं, आणि मी पेंगायला लागलो. बायको म्हणाली, "मी चालवते." बायको फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांची मोडलेली अंगं सरळ करते. तिनं लायसन्स पहिल्या फटक्यात काढलं. मी तिसऱ्या. हा विषय आमच्याकडे निघतो अधूनमधून, म्हणजे रोज. पण बाबा शेजारी बसलेले असताना तिनं गाडी चालवायची ही पहिलीच वेळ, कारण लांबच्या प्रवासात ती मागच्या सीटवर बसल्याबसल्या झोपते, लग्न झाल्यापासून, अकरा वर्षं. मी मागे मधल्या जागेत. एका बाजूनं आईच्या पिशव्या, दुसऱ्या बाजूनं पोरगी, पायाखाली दगड. फोनवरची रस्ता सांगणारी बाई तर केव्हाच गेलेली, पोरीनं गेम खेळून फोन संपवला होता. मला काय फिकीर? बाबा आहेत. झोपलो.

आणि जागा झालो तो शांततेनं. तुम्ही म्हणाल, शांततेनं कुणी जागं होतं का? होतं! गाडी पळतीये, आणि कुणी म्हणत नाहीये गिअर बदल, कुणी म्हणत नाहीये आरसा बघ. बाबा समोर ताठ बसलेले, हात मांडीवर पालथे, आणि पाय... पाय ब्रेक दाबत नव्हता. ड्रायव्हर एकच असावा म्हणालो ना मी? त्या घटकेला गाडीत खरोखर एकच होता. नको हो. असला प्रवास वैऱ्याला नको.

मी हळूच विचारलं, "बाबा, कुठं आलो?"  पोरीनं बाहेरची पाटी वाचली, त्या गावाचं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. मग बाबा म्हणाले, "सूनबाई, कडेला घे."

उतरले. रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. मी मागोमाग. तर माझ्याकडे न बघता म्हणतात, "पाण्याची टाकी गेली ना मघाशी, ती भलत्या अंगाला गेली. मला वाटलं, मलाच उलटं दिसलं. मग बोलायचं धाडस होईना. तासभर बसलोय तसाच." मग म्हणाले, "रस्ता पण गेला रे आता माझ्याकडून. तू तक्ता बदललास ते बरंच केलंस."

 तीन महिने मला वाटत होतं की त्यांनी एवढं एकदा कबूल करावं. आणि केलं तेव्हा मला ते नकोच होतं. मला 'मुद्दाम बदललास' म्हणणारेच बाबा हवे होते. तेवढ्यात मागून बायको आली, कमरेवर हात ठेवून.

"पण बाबा, मी तुम्ही सांगितलं तश्शीच वळले की. तुम्ही म्हणालात टाकीपाशी रस्ता फुटतो तिथं दाराकडे घे. घेतली." आणि गाडीचं दार थोपटून दाखवलं. ड्रायव्हरचं. उजवं. तिचं.

मी तिला विचारलं, "अगं, अकरा वर्षं ते दाराकडे दाराकडे म्हणतात, तुला काय वाटायचं?" तर म्हणते, "मला वाटायचं, दार नीट लागलंय का बघ म्हणतायत. मी झोपेतसुद्धा कडी चाचपायचे."

पहिली हसली आई. ती गाडीतच होती, हातात संत्र्याची साल, ती हसायला लागली ती थांबेचना. मग पोरगी, मग मी. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "म्हणजे आपण खिडकीकडच्या रस्त्याला लागलो होतो?" हो. "म्हणजे मला बरोबर दिसलं होतं?" हो, बाबा, अगदी बरोबर दिसलं होतं. "मग!" म्हणाले. एवढंच. आणि असे चालत गाडीकडे गेले, की जणू फलाटावर बस लावून उतरलेत. "सूनबाई, दार म्हणजे चढायचं दार. तुझ्या बाजूला असते ती खिडकी." "पण बाबा, तिला दार आहे." "असेना का! त्यातनं कुणी चढतं का?" अहो, ती आत्ताच त्यातनं उतरली होती!

पन्नास किलोमीटर उलटं गेलो होतो, पन्नास परत आलो. बाबा परत येताना शंभर किलोमीटरचं बोलले. आई गाणी म्हणायला लागली, तिला प्रत्येक गाण्याचं एकच कडवं येतं, पोरीनं तेच तेवीस वेळा म्हटलं. टाकीपाशी आल्यावर सगळ्यांनी एका सुरात ओरडून सांगितलं, "खिडकीकडे!", कारण आता आम्ही उलट्या बाजूनं येत होतो, आणि बायको बरोबर वळली. बाबा मागे वळून माझ्याकडे बघून म्हणाले, "एका खेपेत शिकली. तुला चौथीपर्यंत वेळ लागला." म्हटलं, "बाबा, तक्ता पिवळा पडला होता हो, म्हणून बदलला." "माहीत आहे मला," म्हणाले, "पण पाठ करायला मला दोन महिने लागले होते."

ताईकडे पोचलो तेव्हा ती फाटकात उभी, जेवण तीनदा गरम केलेलं. परतताना मी किल्लीला हात लावला, तर बाबा म्हणाले, "सूनबाईला दे. तुझा ब्रेक पोटात येतो." आलो पाचशे चाळीस किलोमीटर मधल्या जागेत. मांडीवर पिशव्यांची पिशवी.

आता बाबा पुन्हा रोज चारला दुकानात येतात. खुर्ची मी तक्त्याकडे पाठ करून ठेवलीये, उगाच मोह नको. गिऱ्हाईक आत आलं की मी तोंड उघडायच्या आत तेच सांगतात, "डोळे बिनधास्त तपासून घ्या, हा सख्ख्या बापालाही पास करत नाही. फक्त याच्या गाडीत बसू नका." आता गिऱ्हाईक चष्म्याला आलेलं असतं हो, पण जाताना मला विचारतं, "का, किती वेळा ठोकलीत?"