छोटा आहे, भावोजी

...नाही, पण मला सांगा, यात सेल्समनचा काय दोष? गिऱ्हाइकानं दुकानातला सगळ्यात स्वस्त, तळहाताएवढा कॉम्प्युटर उचलायचा, त्याच्याकडून कामं मात्र डोंगराएवढी करून घ्यायची, आणि शेवटी नाक कुणाचं फुटायचं, तर सेल्समनचं! त्यात गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. आणि नवरा तरी कोण, तर बॉक्सिंगचा कोच. हात असे की चहाचा कप उचलला तर कान तुटून बोटात राहतो. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

बरं, त्यानं सांगितलं नव्हतं का? तुम्हाला सांगतो, घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. "भावोजी, यावर पत्रं लिहा, मेल बघा, ताईला गाणी लावून द्या. छोटा आहे, छोटीच कामं करेल." तर भावोजी खर्जात म्हणतात, "कमी वजनाचा बॉक्सर काय हळू मारतो होय?" झालं. आणि मागून ताई डोळे मोठे करून, "दे ना रे, ते एवढं म्हणतायत तर." दिला.

आता भावोजींची लाडकी बॉक्सर, जिला सगळे हातोडी म्हणतात, ती पोचलेली फायनलला. जिंकली तर थेट देशाच्या संघात. समोरची बाई आधी कुठला हात टाकते ते हातोडीला दाखवायचं, म्हणून भावोजींनी त्या बाईच्या होत्या नव्हत्या तेवढ्या लढती त्या डबीत कोंबल्या. बरं, एकेक करून बघाल? छे, सगळ्या एकदम, शेजारी शेजारी, त्याही सावकाश, पुढे, मागे, परत पुढे... सेल्समननं फोनवर पुन्हा सांगून बघितलं, "भावोजी, छोटा आहे, छोटीच..." फोन कट. इकडे कॉम्प्युटर तापला, घरघरला आणि अडकला. पडद्यावर ती बाई डावा हात उगारून उभी. हलेना की डुलेना. भावोजी त्या चित्राकडे टक लावून बसले आणि हातोडीला म्हणाले, "बघितलंस? डावा. डोळे मिटून सांगतो, डावाच येणार."

आता तो डावा काय होता, माहितीये? लढत संपल्यावर ती बाई प्रेक्षकांतल्या आपल्या आईला हात करत होती. पुढचं चित्र सरकलं असतं तर आईसुद्धा दिसली असती. सरकलं नाही.

फायनलची घंटा झाली. हातोडी डाव्याची वाट बघत राहिली आणि आला उजवा. असा आला की जबडा एकीकडे आणि हातोडी दुसरीकडे. रक्ताची चिळकांडी थेट पंचांच्या शर्टावर. खल्लास. इतक्या वर्षांची मेहनत, आणि पोरगी घाम यायच्या आत स्ट्रेचरवर.

तिला दवाखान्यात पोचवून भावोजी तो कॉम्प्युटर काखेत मारून तडक दुकानात. सेल्समन एका आजोबांना समजावत होता, "आजोबा, छोटा आहे, छोटीच का..." तेवढ्यात भावोजींनी कॉम्प्युटर काउंटरवर आपटला आणि पहिला ठोसा नाकावर. कड्डकन आवाज झाला. सेल्समन प्रिंटरच्या खोक्यांवर, खोकी कपाटावर, कपाटाच्या काचा सेल्समनवर. आजोबा टेबलाखाली. दुसरा ठोसा बरगडीत, तिसरा कुठं बसला ते त्याला आजही आठवत नाही. पण भावोजी शिव्या देत नव्हते हो, रडत होते. ठोशागणिक एकच, "तिला काय सांगू? आता तिला काय सांगू मी?" ते ऐकून आपण उलट हात उचलला नाही, असं सेल्समन सांगतो. उचलला असता तर पोचला कुठं असता, हे आपण विचारायचं नाही.

मग ताई आली. शेजारच्या दुकानदारानं फोन केला होता. तिनं जमिनीवरच्या भावाकडे बघितलं, भावाच्या छातीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं, काउंटरवरचा तोच कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलला आणि नवऱ्याच्या टाळक्यात घातला. कॉम्प्युटरचे दोन तुकडे. भल्याभल्या पैलवानांना न आवरलेले भावोजी गपकन आडवे. ताई धापा टाकत म्हणते, "नशीब, मोठा घेतला नाही. जिवानिशी गेले असते."

दवाखान्यात तिघांच्या खाटा ओळीनं. हातोडीचा जबडा तारांनी बांधलेला, भावोजींच्या डोक्याला टाके, सेल्समनच्या नाकात बोळे. भावोजी हळूच हातोडीला म्हणाले, "चूक माझी झाली गं." ती बोलणार कशी? तिनं त्यांचा हात हातात घेतला. बघणाऱ्याला वाटलं, माफ केलं. तिनं तो असा करकचून पिरगळला की भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही, एवढं खरं.

इतक्यात डॉक्टरीणबाई आल्या. सेल्समनचं नाक तपासलं, काय काम करता म्हणून विचारलं, आणि त्यानं सांगताच त्यांचा चेहरा उजळला. पिशवीतून एक चिमुकला कॉम्प्युटर काढून म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. सगळ्या पेशंटांचे एक्सरे यात भरलेत, तर आता उघडतच नाही मेला."

सेल्समननं आधी दोन्ही हात तोंडापुढे धरले. मग त्यांच्या आडून म्हणाला, "ठेवा उशाशी. बघतो."