मनोऱ्याखालचा एकटा

ऐका रे पोट्टेहो. अन् तो मोबाईल ठेव बाजूले, भूत काही त्याच्या उजेडाले भीत नाही.

आपल्या जंगलात पर्यटकांसाठी तो उंच मनोरा बांधला ना, त्याच्या आधी तिथं पाल्याचा ढीग होता. मोहफुलं वेचायले आलेल्या एका परक्या माणसाले वाघानं तिथं मारलं होतं. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. रडायले कोणी आलं नाही. मग येता-जाता जो तो एक डहाळी तोडून तिथं टाके. तेवढीच त्याले सोबत! मनोरा झाला अन् साहेब म्हणाले, "हा कचरा हटवा." आम्ही मजूर. मनात म्हटलं, हुकूम साहेबाचा, पाप साहेबाचं. त्याच पाल्यावर चहा उकळला. काडी कोणी लावली? मी. हो, मीच!

तुमची काकी जाऊन तेव्हा वरीस झालं होतं. घरी कोणी नव्हतं. एका सांजेले पर्यटक गेले, आम्ही फाटकाकडं निघालो, तर माही कुऱ्हाड मनोऱ्यापाशी राहिली. परत फिरलो. अंधार पडला. एकटाच!

मागं पाय वाजले. मी थांबलो, ते थांबले. मी चाललो, ते चालले. म्हटलं, सांबर असेल. मनाची समजूत, दुसरं काय! मनोऱ्यापाशी आलो तर पर्यटकांच्या लेकरांसाठी टांगलेला झोपाळा हलत होता. वारा? एक पान हलत नव्हतं, बावा!

कुऱ्हाड उचलली. पाहतो तर पायरीवर कोणी बसलेलं. डोक्याले फडकं. म्हणे, "बस ना जरा."

"घरी जायचं हाय."

"घरी कोण हाय तुह्या?"

अरे, खरंच तर होतं!

"बस. मी कधीचा एकटा हाय." अन् मग आवाज बदलला. तुमच्या काकीचा आवाज! "दमले असान, बसा."

ऐका, मले भीती नाही वाटली. गोड वाटलं. वर्षभरात मले बस म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. मी पायरीवर टेकलो. पाय गार पडले. गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. उठावंसंच वाटेना.

तिकडं फाटकावर डोमाजी चौकीदार. माणसं मोजल्याबिगर तो कुलूप लावत नसे. एक कमी! बॅटरी घेऊन बोंबलत आला, "लहानू! अबे ए लहानू! मेला का कुठं? तुह्यापायी माही भाकर थंडी झाली!" अन् अशी शिवी हासडली, तुमच्यासमोर सांगत नाही. त्या शिवीनं माहे पाय हलले! कुऱ्हाड टाकून पळालो. मागून हाक नाही आली. नुसतं रडणं आलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, डोमाजीले संग घेऊन, डहाळी टाकून आलो. पण इतक्या वर्षांच्या ढिगापुढं एक डहाळी काय पुरते?

तुम्ही आता गाईड झाले, पर्यटक घेऊन फिरता. दिवस बुडाल्यावर त्या वाटेनं जाऊ नका. भूत दिसलं अन् भ्याले, तर पळान. वाचान. पण तो भेवाडत नाही रे. तो बस म्हणते. अन् त्याची दया आली, का माणूस बसते.