जिलेबी वाढणारा हात

तुम्हाला सांगते, माझी नणंद सरपंचपदाला उभी होती. समोरच्या पार्टीचे आबा मोबाईल घेऊन दारात आले.

"बघ, तुझी नणंद जमिनीच्या दलालाशेजारी हसतीया. म्हंजी ती बी त्याच्यातलीच! उद्या गाव विकंल."

फोटो माझ्या लेकीच्या बारशातला. आख्ख्या गावाला जेवायचं बोलावणं मीच केलेलं. माझ्यापायी नणंद पडली तर? घाबरत फोटो पुन्हा पाहिला. दलालाच्या ताटात कुणाचा तरी हात जिलेबी वाढत होता. बोटात पोवळ्याची अंगठी.

"आबा, हा हात तुमचाच न्हवं? लई आग्रह करून वाढत व्हता त्याला. मग तुमी कुणातले?"

आबांनी अंगठीचा हात हळूच खिशात घातला.

"बारसं मात्र झकास झालं व्हतं हं," म्हणाले.